स्कॉटलंडची चार दिवसांची सहल आणि शाळेने घालवलेली भाषा



'माझी सहल' हा निबंध आपण मुलांना हमखास देतो. यंदा तो मलाच लिहावा लागतोय. भाऊ नोकरीसाठी एडिंबराला असतो, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी, आमचे हे आणि पहिली संपवलेली आमची लेक स्कॉटलंडला जाऊन आलो. फिरायला हाताशी दिवस मात्र चारच.

एडिंबराच्या रॉयल माइलवर किल्ट घालून बॅगपाइप वाजवणारा माणूस भेटतोच. त्याच्यासोबत फोटो काढला की 'पारंपरिक स्कॉटलंड' पाहून झालं असं वाटतं. आमचाही फोटो आहे, खोटं कशाला बोलू! पण तुम्ही जाणार असाल तर माझं ऐका, तिथे एकच दिवस द्या आणि उत्तरेची रेल्वे पकडा. साधारण साडेतीन तासांत इन्व्हरनेस येतं.

तिथून जवळच कलोडनचं माळरान आहे. 16 एप्रिल 1746 रोजी इथे तासाभराच्या आत लढाई संपली आणि डोंगराळ भागातल्या बंडखोर टोळ्या हरल्या. मग सरकारने कायदा करून किल्ट आणि टार्टनचे कपडे घालायलाच बंदी केली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षं सागरापार हद्दपारी. सैन्यातल्यांना तेवढी सूट. ही बंदी 1782 मध्ये उठली. आणि गंमत बघा, 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तो स्वतःच किल्ट घालून! त्या सोहळ्याची आखणी लेखक वॉल्टर स्कॉटची होती. गरिबांच्या अंगावरून उतरवलेला कपडा असा दरबारी झाला. हे माहीत असेल तर फोटोतला किल्ट वेगळा दिसतो.

संध्याकाळी 'केली'ला गेलो. गेलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ भेटायला जाणं. शेजाऱ्याकडे बसायचं, गाणी, गोष्टी, नाच. आता सभागृहात होतं, पण बसून बघायची सोय नाही! एकजण पावलं ओरडून सांगतो आणि अनोळखी आजोबा तुमचा हात धरून फेर धरतात. लेक चार वेळा चुकली, कोणी हसलं नाही. आपल्या स्नेहसंमेलनात मात्र आपण चुकणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत उभं करतो, हे तेव्हा आठवलं.

खरी बोच पुढे आहे. तिथल्या स्टेशनवर नावं दोन भाषांत असतात. इन्व्हरनेससोबत 'इनव्हिर निश'. लेकीने विचारलं, "आई, हे कोण बोलतं?" 2022 च्या जनगणनेत गेलिक थोडीफार तरी येणारे जेमतेम अडीच टक्के निघाले. याला कारणं बरीच आहेत, जमिनी गेल्या, माणसं देशोधडीला लागली. पण एक कारण आपल्या बिरादरीचं आहे. 1872 च्या शिक्षण कायद्यात गेलिकचा उल्लेखही नव्हता आणि वर्गात ती बोलणाऱ्या मुलांना मास्तर शिक्षा करत. पालकांनाही वाटायचं, इंग्रजी आली की पोरगं पोटाला लागेल. त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. 1985 पासून ग्लासगो आणि इन्व्हरनेसमध्ये गेलिक माध्यमाचे प्राथमिक वर्ग सुरू झाले, आणि आता घरी गेलिक न बोलणारे पालकही मुलांना तिथे घालतात. म्हणजे शाळेने घालवलेलं शाळाच परत आणू बघतेय, पण केवढ्या कष्टाने!

मराठी अजून तिथवर आलेली नाही, करोडो लोक ती बोलतात. तरी एक कबूल करते. मी मराठी शाळेत शिकवते आणि माझी लेक इंग्रजी शाळेत जाते. पालकसभेत 'मुलांना मराठी शाळेत घाला' म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो, हे तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलंच असेल.

जूनमध्ये तिची दुसरी त्याच शाळेत सुरू झाली. दाखला काढायचा का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. ह्यांचं म्हणणं, चौथीपर्यंत थांबू. माझं अजून ठरत नाही.