काय विकणार नाही आणि कोणाला विकणार नाही



धंद्यात धर्म आधी की कायदा, हा प्रश्न आपल्या समाजात पुन्हा पुन्हा निघतो, कारण आपल्यात व्यापारी घरे पुष्कळ. मला वाटते, यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मी काय विकणार नाही, हा एक. मी कोणाला विकणार नाही, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर आपल्याकडे आहे. श्रावकाला पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत विषाचा व्यापार आहे, हस्तिदंताचा आहे. त्या यादीत वस्तू आणि कामे आहेत. गिऱ्हाइकाची जात वा धर्म नाही.

आपली राज्यघटनाही हेच म्हणते. कलम १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात वा हॉटेलात मज्जाव करता येत नाही. पण जैन भोजनालयाने बटाट्याची भाजी ठेवलीच पाहिजे, असे ती म्हणत नाही. तिथे बटाटा कोणालाच मिळत नाही, म्हणून अन्यायही कोणावर होत नाही.

परदेशात हा वाद केकवरून रंगला. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०१२ साली एका बेकरीवाल्याने दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला धर्माचे कारण देऊन नकार दिला. केक कसा हवा, हे बोलणे होण्याआधीच. २०१८ मध्ये तिथले सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूने गेले, पण राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेशी तुच्छतेने वागल्याच्या मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेलफास्टच्या बेकरीचा निकाल दिला. तिथे समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य केकवर लिहून हवे होते. न्यायालय म्हणाले, नकार माणसाला नव्हता, मजकुराला होता; तो मजकूर कोणीही मागितला असता तरी नकारच मिळाला असता.

मला हा दुसरा निकाल पटतो. माझी भाची घरी बिनअंड्याचे केक करून विकते. तिने मला विचारले, "मावशी, मटणाच्या दुकानाच्या उद्घाटनाला बोकडाच्या आकाराचा केक मागितला तर?" मी म्हटले, "हात जोडून नाही म्हण. आपल्या पाठशाळेतल्या बाईंनी मागितला तरी नाहीच." "आणि त्याच दुकानदाराच्या मुलीचा वाढदिवस असला तर?" "तर सगळ्यांना करतेस तसाच छान करून दे, त्याच भावात."

काही जण म्हणतील, त्या पैशाला हिंसेचा वास येतो. मग हिशेब नीट मांडा. आपण रोज ज्यांच्याकडून रुपये घेतो, त्यांच्या ताटात काय असते ते विचारतो का? नाही. मग एखाद्याचे आडनाव ऐकूनच विवेक कसा जागा होतो? तो धर्म नव्हे, ती आवडनिवड. उद्या हाच न्याय आपल्याला लावला, तर? आपण तर मूठभर आहोत.

म्हणून धंदा सुरू करणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे: जे करणार नाही, त्याची पाटी आधीच लावा. नकार द्यायची वेळ आली, तर मनाला एकच विचारा, हीच वस्तू मी माझ्या सख्ख्या भावाला दिली असती का? उत्तर 'हो' आले, तर समोरच्यालाही द्या.