शब्दांच्या याद्यांचा बाजार

अकरावी-बारावीच्या मुलांकडून रोज पन्नास अवघड इंग्रजी शब्द घोकून घेणारे क्लास पालकांना फसवत आहेत. मी इंग्रजी शिकवतो आणि हे वाक्य पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ या प्रवेशपरीक्षेच्या नावाखाली हा धंदा तेजीत आहे. चार रकान्यांची झेरॉक्स पुस्तिका असते: शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ, समानार्थी शब्द. शनिवारी टेस्ट, रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मार्क. मार्क भरघोस दिसले की घरचे खूश होतात आणि फीचा पुढचा हप्ता निमूट भरला जातो.

परीक्षा प्रत्यक्षात काय विचारते? 2020च्या आधी क्लॅटमध्ये 200 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे असत आणि त्यांत सुट्या शब्दांचे अर्थ विचारले जात. 2020 पासून ते बंद झालं. आज 120 मिनिटांत 120 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांतले 22 ते 26 इंग्रजीचे, आणि ते सगळे साधारण 450 शब्दांच्या उताऱ्यांवर. कायदा, चालू घडामोडी, तर्क हे विभागही उताऱ्यांवरच बेतलेले. उताऱ्याचा मुख्य मुद्दा कळावा, त्यातून निष्कर्ष काढता यावा, दोन मतांतला फरक सांगता यावा आणि उताऱ्यातल्या शब्दांचा तिथला अर्थ लागावा, अशी अपेक्षा अभ्यासक्रमात लिहिलेली आहे. क्लास चालवणाऱ्यांना हे ठाऊक नाही, असं मी मानत नाही. ठाऊक असूनही ते जुन्याच याद्या नवं मुखपृष्ठ लावून विकतात, कारण वाचायला शिकवणं कष्टाचं आहे आणि यादी छापणं स्वस्त.

ज्या अमेरिकेकडून हे याद्यांचं वेड आपण उचललं, तिथंही ते मोडीत निघालं. तिथल्या ‘जीआरई’ या प्रवेशपरीक्षेनं 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेनं दुर्मिळ शब्दांवर बेतलेले गाळलेल्या जागांचे प्रश्न 2016 मध्ये बंद केले. आपल्याकडे मात्र त्याच शिळ्या कढीला ऊत आणणं चालू आहे.

याचा परिणाम मी वर्गात रोज पाहतो. एका मुलीला शेकडो शब्द तोंडपाठ होते. तिला मी एका अग्रलेखातला उतारा दिला. लेखकानं पहिल्या परिच्छेदात विरोधकांचं म्हणणं सविस्तर मांडलं होतं आणि दुसऱ्या परिच्छेदात ते मुद्द्यामुद्द्यानं खोडलं होतं. ती ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली, एकाही शब्दापाशी अडली नाही. लेखकाचं मत विचारल्यावर तिनं विरोधकांचं मत सांगितलं. लेखानं वळण कुठं घेतलं, तेच तिला दिसलं नव्हतं. मुलगी हुशार आहे. तिनं आयुष्यात अख्खा इंग्रजी लेख कधी वाचलेलाच नव्हता आणि क्लासनं तो वाचायला दिलाही नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शब्दच ठाऊक नसतील तर मुलं वाचणार कशी, असं मला हमखास ऐकवलं जातं. शब्द लागतातच. पण कोणते? याद्यांमध्ये ‘पल्क्रिट्यूड’ आणि ‘ऑब्स्ट्रेपरस’ असतात. वर्तमानपत्रात आणि न्यायालयाच्या निकालांत पदोपदी भेटणारे ‘अलेज’, ‘कन्सीड’, ‘अर्ग्युएबली’ मात्र मुलांना धड लागत नाहीत. असे शब्द वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळ्या संगतीत पुन्हा पुन्हा भेटले, तरच अंगी मुरतात. शनिवारच्या टेस्टसाठी घोकलेला शब्द सोमवारपर्यंत डोक्यातून गेलेला असतो.

या फसवणुकीची सर्वांत मोठी किंमत मराठी माध्यमातली मुलं मोजतात, म्हणून माझा संताप अधिक आहे. राज्याच्या 2014च्या कायद्यानं मुंबई, नागपूर आणि आताचं छत्रपती संभाजीनगर इथं राष्ट्रीय विधी विद्यापीठं उभी राहिली. तिथं पदवीच्या प्रवेशासाठी लागणारी क्लॅट फक्त इंग्रजीतून होते. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, क्लॅटला ती सोय नाही. हा अन्याय आहे आणि तो दूर झाला पाहिजे. तोवर परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला दोन वर्षांत मोठी मजल मारायची असते. घरात इंग्रजी पुस्तकं असलेलं शहरी मूल यादीशिवायही तरून जातं. या मुलाकडे वेळ तेवढा असतो, आणि नेमका तोच याद्या खातात.

वर या क्लासचा ‘वर्गात मराठी बोलायचं नाही’ असा फतवा! मराठी अग्रलेखातला युक्तिवाद पकडणारं मूल तीच नजर इंग्रजी लेखालाही लावू शकतं. मी मुलांना रोज एक इंग्रजी लेख वाचायला लावतो आणि लेखकाचं म्हणणं चार ओळींत मराठीत लिहून मागतो. लेख कळला की नाही, ते त्या चार ओळी लगेच सांगतात.

पालकांनी फी भरण्याआधी क्लासला एकच प्रश्न विचारावा: आठवड्यात मुलं किती लेख पूर्ण वाचतात? उत्तरादाखल शब्दांचा आकडा ऐकवला गेला, तर पैसे खिशात ठेवून घरी यावं. कनिष्ठ महाविद्यालयांनी ग्रंथालयातल्या कपाटांची कुलपं काढावीत आणि डायजेस्टऐवजी ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकातले पाठ मुळातून वाचून घ्यावेत. आणि माझ्या व्यवसायातल्या ज्या मंडळींना हे कष्ट नको आहेत, त्यांनी इंग्रजी शिकवणं सोडून द्यावं. मुलांची दोन वर्षं खाण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही.