मुलांचे दांत आणि घरची दिनचर्या

मुलाची दाढ किडली म्हणजे आईबाप मिठाईवाल्यास दोष देतात, किंवा ‘दुधाचे दांत, ते पडावयाचेच’ असें म्हणून स्वस्थ बसतात. आमच्या मतें हा न्याय एकतर्फी आहे. खरा आरोपी घरांतच आहे. तो म्हणजे मोडलेली दिनचर्या.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या, आणि शाळेच्या घंटेबरोबर कित्येक घरांतील जेवण्या-निजण्याची वेळहि सुटली. टाळेबंदी उठली, संवय उठली नाहीं. रात्रीं १० वाजतां दुकान बंद करून परतणाऱ्या व्यापारी बंधूंच्या घरीं तर ती पूर्वींपासूनच आहे. वडील येईपर्यंत मूल बिस्किटांवर राहतें, मग झोपेच्या भरांत दोन घांस खातें, आणि दांत न घासतां निजतें.

याचा परिणाम काय होतो? तोंडांतील जंतु साखरेपासून आम्ल तयार करितात व तें दांताचें कवच विरघळवितें. लाळ त्या आम्लाचें निवारण करिते खरी, परंतु त्यास निदान अर्धा तास लागतो. घटकेघटकेस कांहीं तरी तोंडांत टाकणाऱ्या मुलाच्या दांतांस ही सवड मिळावी कधीं? झोपेंत तर लाळ फारच कमी सुटते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागें कायमची दाढ येते. आईबाप तिलाहि दुधाची समजतात, व ती किडून गेली म्हणजे पुन्हा येत नाहीं.

कोणी म्हणेल, पोटासाठीं दुकान उघडें ठेवावेंच लागतें. तें बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. वडील १० वाजतां येवोत. मुलाचें जेवण ८ वाजतां व्हावें. त्यानंतर फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घासावे, व पुढें पाण्यावांचून कांहीं देऊं नये. सातव्या वर्षापर्यंत हें काम मोठ्या माणसानेंच करावें, आणि तें एकट्या आईवर टाकूं नये. रात्रीं घरीं येतांना खिशांतून चॉकलेट काढून निजत्या मुलाच्या हातांत ठेवणें यास आम्ही वात्सल्य म्हणत नाहीं.

रोजमेळ जुळल्यावांचून दुकानास कुलूप न लावणाऱ्या गृहस्थानें मुलाच्या तोंडाचा हिशेब मात्र रोज बाकी ठेवावा, हें त्यास शोभत नाहीं. ती बाकी पुढें मुलासच फेडावी लागते.