अधिकार कामास द्यावा, व्यक्तीस नव्हे

सातबाऱ्याचे दप्तर आता संगणकावरील सामाईक डेटाबेसमध्ये राहते. बस्त्यात बांधलेल्या दप्तराची राखण एका कुलपाने होई; परंतु ज्या दप्तरात एकाच वेळी अनेकांचे हात चालतात, तेथे कोणी काय वाचावे, कोणी काय लिहावे व कोणी काय कायम करावे, ह्याची वाटणी हेच खरे कुलूप होय.

ही वाटणी माणसागणिक न करता कामागणिक करावी. कामानुसार गट पाडून परवानगी गटास द्यावी व माणसास त्या गटात घालावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे कलम १५० ह्याच धोरणाचे आहे. फेरफाराची नोंद तलाठ्याने घ्यावयाची, हितसंबंधितांस सूचना द्यावयाची व ती नोंद वरच्या अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करावयाची. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाईलवरून करू लागला. मात्र त्यायोगे मालकीच्या नोंदीत बदल करण्याचा अधिकार त्यास मिळत नाही, व ते योग्यच आहे.

गटाचा मोठा लाभ बदलीच्या वेळी दिसतो. परवानग्या सुट्या दिल्या असतील तर त्या एकेक शोधून काढाव्या लागतात व एखादी राहून जाते. गटातून नाव कमी केले की त्या गटाचे सर्व अधिकार एकदम संपतात. मात्र एक सावधगिरी अवश्य हवी. एकच माणूस दोन गटांत असल्यास बहुतेक डेटाबेसांत दोन्ही गटांचे अधिकार त्याच्या ठायी एकवटतात. अतिरिक्त कार्यभारामुळे नोंद घेणारा व प्रमाणित करणारा एकच झाला, तर तपासणी नावापुरती उरते. म्हणून असा कार्यभार मुदतीचा असावा, व स्वतः घेतलेली नोंद स्वतः प्रमाणित करण्यास मज्जाव असावा.

गट सामाईक असला तरी पासवर्ड सामाईक नसावा. काम खोळंबू नये म्हणून तो मदतनिसास सांगणे सोयीचे वाटते. पण मग चुकीची नोंद कोणी केली हे सांगता येत नाही, व जमीन ज्याची, त्या शेतकऱ्यास हेलपाटे पडतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या सहकारी सोसायटीच्या संगणकासही हाच नियम लावावा. शेतकऱ्यांनीही फेरफाराची सूचना येताच ती वाचावी व हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी. दप्तराचा अखेरचा राखणदार जमिनीचा धनीच होय.