मतभेदाला रकाना हवा

मोडी वाचनाचे गट आता मोबाइलभोवती जमतात. कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर पडतो, गटातला सराईत वाचक पाच मिनिटांत देवनागरी वाचन टाकतो, मग खाली अंगठ्यांची रांग लागते. काम झपाट्याने होते खरे. पण या वाचनाला सामूहिक म्हणवत नाही. एकाने वाचले, बाकीच्यांनी मान डोलावली, एवढेच त्यात घडते.

एकत्र वाचण्याचा मोठा वस्तुपाठ पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले, ते 1966 साली पूर्ण झाले. 1925 पासून प्रमुख संपादक असलेल्या वि. सी. सुखठणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर वरती प्रचलित संहितेचा एक श्लोक, प्रत्येक अक्षर सुटे लिहिलेला. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि वेगळा पाठ दिसला की तो नेमका त्या-त्या अक्षराखाली. उजवीकडे चार इंच रुंदीचा रकाना शेऱ्यांसाठी राखलेला. शारदा, बंगाली, ग्रंथ, मलयाळम अशा लिप्यांतल्या पोथ्या वाचणारी माणसे निरनिराळी होती. काही पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात आणि तंजावरला चालले. या सगळ्यांना बांधून ठेवणारे साधन म्हणजे हा आखीव कागद. शिवाय सिद्ध केलेल्या संहितेतही जिथे संपादकाची खात्री कमी, तिथे खाली नागमोडी रेष छापली आहे. ती रेष मला अख्ख्या आवृत्तीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

पुढे क्योटोच्या मुनेओ टोकुनागांनी हीच संहिता संगणकावर आणली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. एखादा शब्द महाभारतात कुठे कुठे येतो हे आज क्षणात कळते. म्हणजे संगणकाशी भांडण नाही. कोणते काम कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

मोडीत तो अधिक टोचतो. आधी ओढलेल्या शिरोरेघेखाली सलग धावणारी अक्षरे, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात शुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेचे, अरबी शब्दांत लिहिलेले आकडे. ‘सबैन’च्या (सत्तर) जागी ‘तिसैन’ (नव्वद) वाचले की पत्र वीस वर्षे पुढे सरकते आणि भलत्याच पेशव्याच्या कारकिर्दीत जाऊन पडते. एकाला सन-महिने पाठ असतात, दुसऱ्याला त्या भागातली गावे ठाऊक असतात, तिसऱ्याची नजर त्या कारकुनाच्या वळणावर बसलेली असते. या तिघांची वाचने शेजारी-शेजारी दिसली, तरच गट बसवण्यात अर्थ आहे.

ऑनलाइन सामायिक फाइलमध्ये नेमके हेच हरवते. शेवटी ज्याने बदल केला त्याचे वाचन उरते. आधीच्या आवृत्त्या आत कुठेतरी साठलेल्या असतात, पण त्या उघडून पाहतो कोण?

म्हणून सुचवावेसे वाटते की पहिले वाचन प्रत्येकाने एकट्याने, कागदावर, पेन्सिलने करावे. स्कॅनची मोठी छापील प्रत घ्यावी, अडलेल्या जागी ट्रेसिंग पेपर ठेवून अक्षर गिरवावे. (छापील प्रतीवर, मूळ कागदाला पेन्सिल लावू नये, हे सांगायची वेळ न येवो.) गिरवताना हात अडतो, बोरू कुठे उचलला असेल, कोणता फाटा आधी ओढला असेल याचा अंदाज येतो आणि डोळ्याने एक वाटलेले अक्षर दोनांचे निघते. नुसत्या पाहण्याने हे सहसा कळत नाही. मग सर्वांचे कागद टेबलावर एकाखाली एक मांडावेत आणि त्यानंतरच स्क्रीन उघडावा. मागच्या बाजूची शाई फुटून आलेली असेल तर प्रतिमेचा रंगभेद वाढवून पाहणे, त्याच कारकुनाच्या इतर पत्रांतले तेच अक्षर कापून शेजारी लावणे, गावाचे नाव आधीच्या वाचनांत शोधणे ही कामे संगणकाने करावीत. ती हाताने करण्यात शहाणपण नाही. मोडीला 2014 पासून युनिकोडमध्ये जागा आहे, तेव्हा शंकास्पद अक्षर जसे दिसते तसे टंकून ठेवायलाही अडचण नसावी.

लिप्यंतर करून देणारी संगणकीय साधनेही येऊ लागली आहेत. त्यांना गटातला आणखी एक वाचक समजून त्यांच्या वाचनाला एक ओळ द्यावी. ते वाचन सर्वांत शेवटी उघडावे, नाहीतर ते आधी पाहणाऱ्याला स्वतःचे काही दिसेनासे होते.

आपल्या मासिकाकडे येणारी लिप्यंतरे बहुतेक वेळा इतकी गुळगुळीत असतात की कुठे अडले होते याचा मागमूस राहत नाही. पुढच्या अंकापासून कागदाच्या वाचनाबरोबर शंकास्थळे, प्रत्येक ठिकाणचे पर्यायी वाचन आणि निवडीचे कारण अवश्य पाठवा. जागा त्यासाठी लागेल तेवढी देऊ.