‘शोधा आणि बदला’ने भागत नाही

रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांसाठी मराठीत कार्यपद्धती आणि सूचनापत्रके लिहिणाऱ्यांनी उपकरणांमधल्या संवादासाठीची ‘मास्टर-स्लेव्ह’ (मालक-गुलाम) ही शब्दजोडी आता सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मॉडबस ही उपकरणांच्या संवादाची पद्धत सांभाळणाऱ्या मॉडबस ऑर्गनायझेशनने जुलै 2020 मध्येच ती सोडून ‘क्लायंट-सर्व्हर’ स्वीकारली. गुलामगिरीचे शब्द टाळण्याचे हे खूळ अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. पण वीटभट्टीची उचल फेडता फेडता हयात घालवलेली माणसे पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांत आहेत, आणि वेठबिगारीविरुद्ध कायदा आपल्यालाही 1976 मध्ये करावाच लागला.

घोटाळा होतो तो पुढे. ‘सर्व्हर’ म्हटले की मोठे यंत्र डोळ्यांसमोर येते, म्हणून घाईत ‘मास्टर’च्या जागी तोच शब्द पडतो आणि अर्थ नेमका उलटतो. पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक) टाकीवरच्या ट्रान्समीटरला तापमान विचारतो, तेव्हा विचारणारा पीएलसी क्लायंट, आणि उत्तर देणारा तो इवलासा ट्रान्समीटर सर्व्हर. आरएस-485च्या तारेवर 1 ते 247 मधला पत्ता द्यायचा तो सर्व्हरला. क्लायंटला पत्ताच नसतो. सूचनेत हे उलटे छापले, तर रात्रपाळीचा तंत्रज्ञ भलतेच उपकरण उघडून बसेल. पॅनेलवरच्या पट्ट्या आणि जुनी ड्रॉइंग काही एका दिवसात बदलत नाहीत. म्हणून पहिल्या उल्लेखाला जुनी संज्ञा कंसात द्यावी. पडद्यावर ‘स्लेव्ह आयडी’ असेच दिसत असेल, तर तिथे तेच छापावे. तंत्रज्ञ तेच शोधणार आहे.

वस्त्यांच्या नावांना मात्र ही सवलत नको. जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तरी कारखान्याचा आपत्कालीन आराखडा जुन्या नकाशावरून उतरवला, की ती नावे आपसूक आत येतात. ओळख पटायला हवी, ही सबब टिकत नाही (‘लंगडी’ म्हणणार होतो). अग्निशमन गाडीला शाळा, पाण्याची टाकी, साकव सांगून वस्ती दाखवता येते. नवे नावही लेखकाने टेबलावर बसून पाडू नये. रहिवाशांनी मान्य केलेले, ग्रामपंचायतीच्या दप्तरी लागलेले घ्यावे.

‘आदिम जमात’मधल्या ‘आदिम’चेही तेच. केंद्राने 2006 मध्ये सोडलेले हे विशेषण मराठी मसुद्यांना अजून चिकटून आहे. पाहणीच्या अर्जात जमातीच्या रकान्यात ‘कातकरी’ लिहिले, की माहिती पुरी होते.