बाटली आडवी, ओढ मात्र उभीच!

दारूबंदी फसते, म्हणून ती उठवावी, हा युक्तिवाद चंद्रपूरच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी शिरोधार्य मानला. १ एप्रिल २०१५ रोजी लागू झालेली बंदी मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी उठवली. अवैध विक्री वाढली, महसूल बुडाला, ही कारणे! चोऱ्या थांबत नाहीत, म्हणून चोरांना परवाने द्यायचे काय? राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाचा हा सोयीस्कर विसर होय.

मात्र, केवळ कायद्याने व्यसन सुटत नाही, हेही तितकेच खरे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही २०१६ मध्ये तेथे गावसंघटन व व्यसनोपचार यांसाठी ‘मुक्तिपथ’ अभियान उभारावे लागले.

मोताळ्यासारख्या बंदी नसलेल्या तालुक्यात मातृशक्तीच्या हाती मतपत्रिकेचे शस्त्र आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिल्यास दुकान बंद होते. घरी बसलेली भगिनी नकळत दुकानदाराच्याच पारड्यात वजन टाकते.

दुकान हटले, तरी ओढ उरतेच. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांनी कीर्तन-भजनांतून विदर्भात गावोगावी घाव घातला, तो या ओढीच्या मुळावर. कुंपण हवेच; पण शेत पिकते ते मशागतीने. ती मशागत सरकार करणार नाही. समाजालाच करावी लागेल.